श्रुतलेखन माफ

संपादकांनी यंदा माझ्याकडे शिक्षकी पेशातले गोड क्षण मागितले. तसे क्षण माझ्याकडे नाहीत असं नाही. पण ते सांगायला बसलो की एक गोष्ट मधे येऊन उभी राहते आणि माझं डोकं फिरतं. घरातली माणसं म्हणतात, आता पेन्शनीत निघालात, सोडा तो राग. का सोडू? तेव्हा गोड क्षण दुसऱ्या कोणाकडून घ्या. मी हीच गोष्ट सांगतो.

माझे वडील शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागांचे सौदे जमवून देत. फळ झाडावर असतानाच बाग विकली जाते. घेणारा एक फेरी मारतो, विकणारा बांधावर उभा राहतो आणि दलाल दोघांच्या मधे. रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. मी त्यांच्या मागे फिरत फिरत सातवी पास झालो, अमरावतीला ट्रेनिंग केलं, मास्तर झालो आणि कोणाचाही वशिला नसताना हेडमास्तर झालो. लोकांना वाटतं, हेडमास्तर म्हणजे घंटा, छडी आणि टोपी. तसं काही नाही. हेडमास्तर म्हणजे दलाल. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला शिक्षणखातं आणि मधे आपले सहकारी शिक्षक. कोणाला काय हवं आहे ते ओळखायचं, आपल्याला हवं ते काढून घ्यायचं आणि समोरच्याला वाटू द्यायचं की तोच जिंकला.

माझ्या हातखंड्याचा एक नमुना सांगतो. पन्नास सालानंतर लवकरच मी अकोल्यातल्या एका शाळेत होतो. तिथं एक मुलगा चौथीत आला. पायानं अधू, काखेत कुबडी. डोकं मात्र असं की तिसरीत त्याच्यापुढे कोणी नव्हतं. चौथी 'अ' माडीवर भरायची. जिना अरुंद आणि त्याला कठडा नाही. मी वर्गशिक्षकांना म्हटलं, "वर्ग खाली आणा, तिसरीला वर पाठवू."

"असं कसं साहेब? चौथी 'अ' माडीवरच भरते."

"काहून?"

"पहिल्यापासून भरते."

त्या माडीवर दोन खिडक्या होत्या आणि मान होता. माडीवरचा मास्तर म्हणजे हुशार मुलांचा मास्तर. त्यानं खाली बसायचं म्हणजे अब्रूच गेली. त्यांनी मला उपाय सुचवला, की पोराला 'ब'मध्ये घाला, तिथं त्याला सोपं जाईल. पायानं अधू असलेल्या मुलाला गणित सोपं कशाला हवं, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत मतदारयाद्यांचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडलेलं होतं, उन्हात दारोदार हिंडायचं. मी म्हटलं, "याद्यांच्या कामातून तुमचं नाव मी काढतो." दुसऱ्या दिवशी बाकं खाली आली. पुढे एका समारंभात याच मास्तरांनी सांगितलं की, एका अपंग बालकासाठी आपण माडी सोडली. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. सौदा झाल्यावर समोरच्याची लाज राखायची, ही वडिलांची शिकवण.

हे अशासाठी सांगितलं, की पुढचं वाचून मला सौदा करता येत नव्हता असं कोणी म्हणू नये.

अठ्ठावन्नच्या सुमारास मी अमरावतीहून भातकुलीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात हेडमास्तर म्हणून गेलो. तिथं एक दिवस सय्यद कासम नावाचा गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आला. हा बैलबाजारातला दलाल. म्हणजे आमची एकच जात. मुलीचं नाव हलीमा. सहाव्या वर्षी तिला मोठा ताप आला. ताप उतरला तो कान घेऊन उतरला. बोलत होती, पण आवाजाला चढउतार नव्हता आणि किती मोठ्यानं बोलतो हे तिला कळत नसे. गावात उर्दू शाळा नव्हती, म्हणून आमची मराठी शाळा.

कासमभाई म्हणाले, "गुर्जी, पोरगी बहिरी हाय, येडी नाई. माह्या तोंडाकडे पायते अन् सारं समजते. बाजारात मी गिऱ्हाइकाशी बोलून राहिलो, का दुरून सांगते, अब्बा, वो आदमी झूट बोल रहा."

मी तिच्याकडे पाहून आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "तेरा नाम क्या?"

"हलीमा," ती ओरडली. वऱ्हांड्यातली कबुतरं उडाली.

मी तिला तिसरीत घेतलं. त्याच दिवशी सगळे शिक्षक माझ्या खोलीत आले. त्यांचं म्हणणं एकच, "बसू द्या, पण नाव घालू नका."

बाहेरच्यांसाठी हे समजावून सांगतो. त्या काळी प्रत्येक शाळेत काही 'बसणारी' मुलं असत. कोणाचं धाकटं भावंड, कोणाचं घरी सांभाळायला कोणी नसलेलं पोर. ती बसत, खेळत, झोपत. त्यांचं नाव हजेरीत नसे, म्हणून ती नापास होत नसत, म्हणून शिक्षकाचा निकाल खाली येत नसे. निकालावर शेरा आणि शेऱ्यावर पगारवाढ. ही पद्धत आमच्या लोकांनी आंधळ्या, बहिऱ्या, लंगड्या मुलांना लावून टाकली होती. मूल वर्षानुवर्षं शाळेत बसायचं आणि तपासणीच्या आदल्या दिवशी घरी निरोप जायचा, उद्या पाठवू नका, साहेब येणार आहेत. आईबापांना वाटायचं, मास्तर किती दयाळू.

आणि ते दयाळू होतेच! माझा राग आहे तो त्यांच्या दयेवरच. हलीमाच्या वर्गाचे धारकर गुरुजी आपल्या डब्यातली पोळी तिला देत. तिची पेन्सिल हरवली की पदरची आणून देत. 'बिचारी' हा शब्द त्यांच्या तोंडात मुखशुद्धीसारखा. एक गोष्ट फक्त ते करत नसत. ते तिला शिकवत नसत.

तरी मी भाव केला. धारकर गुरुजींचं घर अमरावतीला. शनिवारी दुपारची मोटार पकडायची तर शेवटचा तास सोडावा लागे. मी म्हटलं, "शनिवारचा शेवटचा तास मी घेतो. हलीमाचं नाव हजेरीत राहील, ती पहिल्या बाकावर बसेल, आणि तिला चौथीपर्यंत तुम्हीच न्यायचं." गुरुजींनी मोटारीचा विचार केला आणि 'बिचारी' म्हणत होकार दिला.

मुलगी भराभर चालू लागली. तिची बोली घरचीच राहिली, 'मेरेकू' अन् 'तेरेकू'. मराठी मात्र तिनं पुस्तकातून आणि ओठांवरून उचलली. गणितात तिला अडवणारं कोणी नव्हतं. दलालाचीच पोर ती, आकडे बोटांत. चौथीत गेली तोवर ती शुद्ध मराठीत निबंध लिहीत होती आणि मी सुखानं झोपत होतो.

मग चौथीची सहामाही आली. धारकर गुरुजी हलीमाचा श्रुतलेखनाचा कागद घेऊन शिक्षकांच्या खोलीत शिरले. हसू आवरत नव्हतं.

"हेडमास्तर, पाहा तुमची पोरगी. वऱ्हाडी लिहून राहिली!"

कागद हातोहात फिरला. 'आईने मले हाक मारली.' 'मी त्याले पाणी दिले.' सगळे हसले. मीही हसलो असतो. पण माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. निबंधात ही मुलगी 'मला' लिहिते. घरी 'मेरेकू' म्हणते. मग हे 'मले' आणलं कुठून?

"गल्लीतून," धारकर म्हणाले. "दुसरं कुठून?"

"कान नसलेली पोरगी गल्लीतलं ऐकते अन् तुमचं ऐकत नाही?"

धारकरांचा चेहरा उतरला; पण हे 'मले' आलं कुठून ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं श्रुतलेखन चालू असताना मी मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. धारकर गुरुजी पुस्तक उघडून अगदी चेहऱ्यासमोर धरत, आणि पुस्तकाआडून वाक्य वाचत. शुद्ध, स्वच्छ, छापल्यासारखं. "आईने मला हाक मारली." मुलं लिहू लागत. मागची दोन-चार पोरं ओरडत, "गुर्जी, पुन्हा!" की गुरुजी पुस्तक खाली घेत, वर्गाकडे पाहत आणि आठवणीतून तेच वाक्य पुन्हा सांगत. "आईने मले हाक मारली, मले! लिहा लवकर, झोपून काहून राह्यले?"

ऐकणारी मुलं पहिल्या वाचनावरून लिहीत. हलीमाला पहिलं वाचन म्हणजे पुस्तकाचा पुठ्ठा. तिला दिसायचं ते फक्त दुसरं. आणि गुरुजींच्या ओठांवर जे दिसलं ते तिनं काना-मात्रेसकट उतरवलं होतं. त्या वर्गात कोणी खरं श्रुतलेखन केलं असेल तर ते त्या बहिऱ्या मुलीनं.

मी तिथंच मोठ्यानं हसलो. मग तास संपल्यावर गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, काही नाही, फक्त पुस्तक छातीशी धरून वाचत जा. तिला तोंड दिसलं पाहिजे. तुम्ही दुसऱ्यांदा 'मले' म्हणता, ते ती लिहिते."

"मी? मी 'मले' म्हणतो?"

"म्हणता."

"हेडमास्तर, आमच्या घरात तीन पिढ्या शुद्ध बोलतात. असा आरोप माझ्यावर आजवर कोणी केला नाही."

"आरोप कसला? मीही म्हणतो. तुमी, आमी, सारेच म्हणतो."

"तुम्ही म्हणत असाल! तुमचं लहानपण संत्र्याच्या पेट्यांवर गेलं."

तिथून पुढं जे झालं त्यानं मी आजही पेटतो. संध्याकाळी सारे शिक्षक एक झाले. मुलीला तोंड दिसत नाही, हा प्रश्न कोणाच्या लेखी उरलाच नाही. प्रश्न झाला, हेडमास्तर शिक्षकांना गावंढळ म्हणतात काय! ज्यांनी धारकरांशी वर्षभर धड बोलणं केलं नव्हतं तेही त्यांच्या बाजूनं उभे राहिले. आणि सगळ्यांनी मिळून मला तोडगा दिला, "साहेब, कशाला ताणता? बिचारीला श्रुतलेखनात गुण देऊन टाकू. तिनं काही का लिहीना."

म्हणजे पाहा. गुण द्यायला सगळे तयार, तोंड द्यायला एकही नाही. पुस्तक वीतभर खाली घ्यायचं, एवढंच मागणं होतं. ना पैसा, ना वेळ, ना वेगळं ट्रेनिंग. मी शनिवारचा आणखी एक तास घ्यायला तयार झालो, तपासणीचं काम स्वतःकडे घ्यायला तयार झालो. आयुष्यात प्रथमच मला असा माणूस भेटला ज्याला काहीच नको होतं. त्याला फक्त आपण शुद्ध बोलतो एवढं हवं होतं, आणि नेमकं ते माझ्या हातात नव्हतं.

चौथीची वार्षिक परीक्षा तेव्हा केंद्रावर व्हायची. आपल्या शाळेचा शिक्षक आपल्या मुलांना श्रुतलेखन घालत नसे, दुसऱ्या शाळेचा येई. मला वाटलं, बरं झालं, धारकर सुटले. मी अमरावतीला कँपातल्या कचेरीत जाऊन डिप्टी साहेबांना भेटलो. हे आमच्या शाळा तपासणारे अधिकारी. म्हटलं, "वाचणाऱ्याला एवढंच सांगा, पुस्तक खाली धरा."

"तसा नियम नाही."

"पुस्तक तोंडासमोर धरा असा तरी नियम कुठं आहे?"

साहेब हसले. "तुम्ही फार वाद घालता बुवा. असं करू, तिला श्रुतलेखन माफ करतो. अर्ज द्या."

"माफी नको साहेब. परीक्षा हवी."

"पाहू," साहेब म्हणाले. सरकारी कचेरीतला 'पाहू' मला चांगला ओळखू येतो.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या आवारात कासमभाईंसोबत उभा होतो. त्यांनी बाजार बुडवला होता. आत कोणी वयस्कर मास्तर श्रुतलेखन घालत होते, आवाज बाहेरपर्यंत येत होता. एक वाक्य झालं, दुसरं झालं. आणि मग हलीमाचा आवाज आला, सपाट, खणखणीत, साऱ्या केंद्राला ऐकू जाईल असा.

"गुर्जी, मूं दिखाव!"

पोरं फिसकन हसली. त्या मास्तरांना ती बहिरी आहे हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांना दिसली एक उद्धट पोरगी, भर परीक्षेत तोंड दाखवा म्हणणारी. त्यांनी दंड धरून तिला बाहेर आणलं. मी धावलो, सांगितलं, ओरडलो. ते म्हणाले, "अशी असेल तर घरी ठेवावी. इथं कशाला आणता?"

गोड शेवटाची कोणी वाट पाहू नये म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. हलीमा चौथी पास झाली नाही. बाकीच्या विषयांत तिच्यापुढं केंद्रावर फार थोडे होते. भाषेत श्रुतलेखन नाही म्हणून भाषा नापास, भाषा नापास म्हणून सगळंच नापास. शाळा उघडायच्या आत माझी बदली परत अकोल्याकडे झाली. तक्रार अशी, की मी शिक्षकांची भाषा काढतो. माझ्या जागी धारकर गुरुजी आले. त्यांनी म्हणे पुढच्या वर्षी कासमभाईंना प्रेमानं सांगितलं, पाठवा बिचारीला, नुसती बसू द्या. कासमभाईंनी पाठवलं नाही. पुढं तिचं परतवाड्याकडे लग्न झालं, एवढं कानावर आलं.

पण निकाल कायम व्हायच्या आधी डिप्टी साहेबांनी आम्हाला एकदा बोलावलं होतं. तेवढं राहिलं.

कचेरीत मी, कासमभाई आणि हलीमा. साहेबांनी कागद पुढं सरकवला. मजकूर तयार होता. मुलगी बहिरी असल्याकारणानं श्रुतलेखन माफ व्हावं, ही विनंती. खाली पालकाचा अंगठा. साहेब म्हणाले, "केंद्रावर जे झालं ते मी विसरायला तयार आहे. अंगठा द्या, मुलगी पास."

मी म्हटलं, "साहेब, आत्ता इथं, तुमच्यासमोर दहा ओळी घाला. तुम्हीच वाचा. चूक निघाली तर मी मुकाट्यानं जातो."

"परीक्षा होऊन गेली. आता माफी तेवढी देता येईल."

कासमभाईंनी मला कोपरानं ढोसलं. "गुर्जी, घ्या. मिळून राहिलं ते घ्या. बाजार उठला का हे बी नाई भेटत."

खरं सांगतो, त्या घडीला मीही घेतलं असतं. सौदा तुटण्यापेक्षा कमी भावात झालेला बरा, या हिशेबावर मी वाढलो. कासमभाईंनी अंगठा शाईच्या गादीवर ठेवला.

हलीमा साहेबांच्या तोंडाकडे पाहत उभी होती. तिथं पुस्तक नव्हतं, मधे काहीच नव्हतं. सगळं तिला दिसलं होतं. ती म्हणाली, तिच्या त्याच आवाजात, आणि बाहेरचे कारकून मान वर करून पाहू लागले, "माफ कायकू? मैंने क्या चोरी करी?"

माफ या शब्दाचा हा अर्थ आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. कासमभाईंनी शाईचा अंगठा उचलला आणि तो कागदावर न टेकवता आपल्या धोतराला पुसला.

साहेब खुर्चीतून उठले. आमच्याकडे पाठ करून खिडकीशी गेले आणि बाहेर पाहत काहीतरी बोलले. हलीमानं माझी बाही ओढली.

"गुर्जी, क्या बोले साब?"

सांगायला दहा गोष्टी होत्या. साहेब विचार करतायत. साहेब म्हणाले हुशार आहेस. धारकर गुरुजींनी असंच काहीतरी सांगितलं असतं आणि वर तिला पोळी दिली असती. मी खाली वाकलो, माझं तोंड तिच्या तोंडासमोर आणलं आणि एकेक शब्द सुटा करून, ओठ स्पष्ट हलवत सांगितलं,

"साब बोले, ले जाव इसको."

तिनं मान हलवली. तिला नीट समजलं होतं.